मदत हवी आहे : 'हिज गर्ल फ्रायडे' कॉलेजच्या मुलांना कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही जुने सिनेमे दाखवतो. येतात ती बहुतेक कॉलेजातली मुलंमुली. या महिनाअखेरीला दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) ठरलाय आणि मी अडकलेय.

माझा हा अतिशय लाडका सिनेमा. १९२८च्या मूळ नाटकात हिल्डी जॉन्सन हा पुरुष बातमीदार होता. हॉक्सने त्याची बाई केली, वर संपादक वॉल्टरची घटस्फोटित बायको केली. रोझलिंड रसेलची हिल्डी कोर्टाच्या इमारतीतल्या पत्रकारांच्या खोलीतल्या सगळ्या बातमीदारांना भारी पडते. त्या काळात संसारापेक्षा कामात जीव रमणारी नायिका! मुलींना ती आवडणारच.

परवा भाचीला आधी दाखवून पाहिला. बराच वेळ खदखदून हसत होती. मग मॉली, म्हणजे फाशीच्या कैद्याची बाजू घेणारी बाई, खिडकीतून उडी मारते आणि जरा वेळात पुन्हा धमाल सुरू. भाचीने विचारलं, "मावशी, तिचं पुढे काय झालं गं?" मला उत्तर देता आलं नाही. शेवटी हिल्डी स्वतःची बॅग स्वतःच सांभाळत वॉल्टरसोबत निघते, तेही तिला खुपलं. कृष्णवर्णीयांबद्दलचा एक शब्दही कानाला टोचतो.

माझं मत असं, की सिनेमाला स्वतःचा हा निर्दयपणा ठाऊक आहे. आधीच्या प्रसंगात बातमीदार मॉलीची टर उडवतात. हिल्डी तिला धरून बाहेर नेते. एरवी दोघं-तिघं एकदम बोलत असतात, पण इथे खोली गप्प होते. हिल्डी परत येते आणि हळूच एवढंच म्हणते, "जंटलमेन ऑफ द प्रेस." मला दर वेळी गलबलून येतं.

हे आधी सांगावं, की मुलांचं त्यांना दिसू द्यावं आणि नंतर बोलावं? आधी सांगितलं तर हसू आटेल अशी भीती वाटते. काही कापायचं मात्र नाही, हे नक्की.

दुसरी अडचण मराठी सबटायटल्सची. वॉल्टर आणि हिल्डी एकाच वेळी दोन फोनवर ओरडतात तिथे कोणाचं वाक्य ठेवू? आणि हिल्डीचा होणारा नवरा ब्रूस त्या नट राल्फ बेलामीसारखा दिसतो, असं वॉल्टर म्हणतो. ब्रूसचं काम बेलामीनेच केलंय! ही गंमत एका ओळीत कशी पोचवावी?

फिल्म सोसायटीत किंवा वर्गात ज्यांनी हा दाखवलाय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.