मदत हवी आहे: चेनसॉने कललेली बाभूळ पाडायचीय
नमस्कार मंडळी, दिंडोरी साईडला आमच्या बांधावर वाळलेली बाभूळ आहे, बुंधा दीडेक फुटाचा, आणि नेमकी द्राक्षाच्या मंडपाकडेच कललीय. १८ इंची पेट्रोल चेनसॉ घेतलाय, काल फांद्या तोडताना पात्याचं टोक दुसऱ्या फांदीला लागलं आणि मशीन एकदम तोंडाकडे उसळलं, चेन ब्रेक लागला म्हणून वाचलो राव. पडायच्या बाजूला खाच घेऊन मागून कापायचं, मधे थोडं लाकूड बिजागरीसारखं सोडायचं एवढं माहितीय, पण उलट्या बाजूला पाडायची तर दोर बांधून ट्रॅक्टरने ताण द्यायचा का? कललेलं खोड मधूनच उभं फाटतं म्हणतात, ते कसं टाळायचं? आणि ती चेनसॉची जाड सेफ्टी पँट नाशकात कुठे मिळेल? वडील म्हणतायत कुऱ्हाडच बरी.