याएयामा बेटं एकट्यानेच बघावीत. पटतंय का?

बोरकूट: मार्चअखेरीस आठ दिवस जपानमधल्या ओकिनावाच्या दक्षिणेकडच्या याएयामा बेटांवर एकटा भटकून आलो. तळ इशिगाकीला, तिथून लाँचने शेजारची बेटं. माझं ठाम मत झालंय की इथे सोबत नकोच. ताकेतोमी लाँचने जेमतेम १५ मिनिटांवर. दिवसा येणारी गर्दी रेड्याच्या गाडीत बसते, सानशिन या तीन तारांच्या वाद्यावरचं गाणं ऐकते आणि संध्याकाळच्या लाँचने परत जाते. मी तिथेच मिन्शुकूत, म्हणजे घरगुती मुक्कामात राहिलो. सकाळी उठून बाहेर आलो तर लोक आपापल्या दारापुढची पांढरी वाळू झाडत होते. लाल कौलं, पोवळ्याच्या दगडांचे गडगे, आणि खराट्याचा तेवढा आवाज. बरोबर कुणी असतं तर त्या वेळी "चहाचं काय?" सुरू झालं असतं.

तिरफळ: एकटेपणाचं एवढं कौतुक नको. मी फेब्रुवारीत एकटीच गेले होते. उत्तरेचा वारा, हातेरुमा बेटाची लाँच रद्द. सकाळी धक्क्यावर जायचं, पाटी वाचायची, परत फिरायचं. असे दोन दिवस गेले. इरिओमोते बेटावर कयाकवाला म्हणे किमान दोघं हवीत. त्यात मी शाकाहारी. सोबा नूडल्सचा रस्सा डुकराच्या हाडांचा. गोया चांपुरू म्हणजे कारल्याची भाजी म्हणून हरखले, तर आत डुकराचं मांस आणि वर सुक्या माशाचा कीस! शेवटी भात आणि शेंगदाण्याचं जिमामी तोफू. निदान वैतागायला तरी कुणी हवं होतं.

बोरकूट: कारल्याला बोल लावू नका, मला आवडलं. (मी सगळं खातो, हे खरं.)

सातबारा: एकटं की दुकटं हा वाद राहू द्या, दोघांनीही बेटं फक्त अंगणापर्यंत पाहिलीत. हे १८७९ पर्यंत र्‍यूक्यूचं राज्य होतं. याएयामावर माणशी बसवलेला कर तर १९०३ पर्यंत चालू होता. आणि १९४५ मध्ये, महायुद्धात, जपानी सैन्याने इथल्या लोकांना हिवतापाच्या रानात हलवलं. साडेतीन हजारांहून जास्त माणसं तापाने गेली. हातेरुमाच्या लोकांना इरिओमोतेच्या हाएमिदा किनार्‍यावर नेलं होतं, त्यातली जवळजवळ एक तृतीयांश वारली. त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी निघताना तिथल्या खडकावर 'विसरू नये असा दगड' अशा अर्थाची अक्षरं आणि हातेरुमाचं नाव कोरलं. इशिगाकीत यावर एक छोटं संग्रहालय आहे. लाँच रद्द झाली तेव्हा तिथे जाता आलं असतं.

तिरफळ: गेले होते की! दुसर्‍या दिवशी. सांगायचं राहिलं, कारण जेवणाचा राग मोठा होता. बाहेर पडल्यावर कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं आणि माझं जपानी 'अरिगातो'पाशी संपतं. म्हणून म्हणते, सोबत हवी.

बोरकूट: संग्रहालय माझं हुकलं, कबूल. पण अशा ठिकाणाहून बाहेर पडल्यावर लगेच बोलायलाच हवं का? मी तर गप्प राहणंच पसंत केलं असतं. आणि हाएमिदाला मी गेलो होतो हो! तोयोहाराला बसमधून उतरून चालत. समुद्रापलीकडे हातेरुमा दिसत होतं. तासभर बसलो, डबा खाल्ला. दगडाचं माहीतच नव्हतं. सोबत कुणी असतं तरी कळलं नसतं.

तिरफळ: मी असते तर कळलं असतं. पाट्या वाचते मी.