वजनकाटा हलत नाही. प्रोटीन पावडर घ्यावी का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
नमस्कार. माझे वय ४१, उंची १७० सेंटीमीटर आणि वजन ७८ किलो आहे. काम बैठे असून आहार पूर्ण शाकाहारी आहे. तीन महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये वजने उचलतो. या काळात कमरेचा पट्टा दोन छिद्रे आत गेला, पण काटा जेमतेम एक किलोने खाली आला. पावडरीशिवाय शरीर बनणारच नाही, असे प्रशिक्षक म्हणतात आणि डबाही तेच विकतात. उलट पावडरीने किडनी जाते, असे आईचे ठाम मत आहे. कोणाचे ऐकावे?

पहिले उत्तर
भाऊ, तूर्त पट्ट्याचे ऐका. नव्याने वजने उचलू लागलेल्या माणसाची चरबी घटत असतानाच स्नायू वाढू शकतात, आणि तसे झाले की काटा जवळपास जागचा हलत नाही. महिन्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी टेपने कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे अंगातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात आणि तो शरीरातल्या पाण्यावर अवलंबून असतो, त्यामुळे मे महिन्यात अंबाझरी तलावाला फेरी मारून घामाघूम होऊन त्यावर उभे राहण्यात अर्थ नाही.

स्नायू वाढतात ते वजनाचा ताण हळूहळू वाढवत नेल्याने. प्रथिने त्यासाठी लागणारा माल पुरवतात, आणि पावडर हा त्या मालाचा केवळ एक प्रकार आहे. तीन महिन्यांपूर्वी जेवढे वजन उचलत होता तेवढेच आजही उचलत असाल, तर डबा घेऊनही फरक पडणार नाही.

दुसरे उत्तर (महाल)
हिशेब स्वयंपाकघरातून मांडू या. सामान्य माणसाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे आपल्याला रोज ६५ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलणाऱ्यांसाठी साधारण १.६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे १२५ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. आपल्याकडच्या वरण-पोळीच्या जेवणात हा आकडा गाठणे अवघड जाते, कारण २५ ग्रॅम प्रथिनांसाठी शंभराहून अधिक ग्रॅम कोरडी तूरडाळ लागते आणि तिच्यासोबत जवळजवळ ४०० कॅलरी येतात. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावडीतून मात्र तेवढीच प्रथिने निम्म्याहून कमी कॅलरींत मिळतात. शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम असतात, पण चरबीही बरीच असते. हे सगळे करून जी तूट उरेल, तेवढ्यापुरता पावडरीचा (डब्यातल्या मापाचा) एक चमचा ठीक आहे. व्यायाम संपताच अर्ध्या तासात ती घेतलीच पाहिजे, असे काही नाही. दिवसभराची बेरीज अधिक महत्त्वाची.

तिसरे उत्तर
बहुतेक डब्यांत असते ती व्हे प्रथिने. व्हे म्हणजे चीज किंवा पनीर करताना उरणारी निवळीच; ती वाळवून पावडर करतात. दूध पचत नसेल तर लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असलेले आयसोलेट, म्हणजे अधिक गाळलेली व्हे पावडर, घ्यावे. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा आणि दर चमच्यामागे प्रथिने किती ते वाचावे. नुसता डब्याचा आकार पाहू नये. किडनी निरोगी असेल तर एवढ्या प्रमाणाने ती बिघडते असे दिसलेले नाही, पण आईंची काळजी अगदीच अनाठायी नाही: आधीच किडनीचा विकार असेल, किंवा मधुमेह वा रक्तदाब असेल, तर आधी तपासणी करावी आणि प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. क्रिएटिन (जिममध्ये घेतली जाणारी आणखी एक पूरक पावडर) घेत असाल तर तेही सांगावे, कारण त्याने किडनीच्या तपासणीत मोजले जाणारे रक्तातले क्रिएटिनिन थोडे वाढून अहवाल उगाच घाबरवतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. कालची बेरीज केली: सकाळच्या तर्री-पोह्यांपासून रात्रीच्या वरणापर्यंत जेमतेम ५४ ग्रॅम भरले. डबा तूर्त थांबवला आहे आणि इतवारीतून सोयावडी आणली आहे. आईने त्या वड्यांचा सावजी रस्सा केला. तेलाची बाटली मात्र मी हातातून काढून घेतली.