अनुभव धागा: ‘हे खरं कशावरून?’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता?

लस, औषधं, संशोधन, हवामान अशा क्षेत्रांत काम करणाऱ्यांसाठी हा धागा. विज्ञानावर अविश्वास दाखवणारा माणूस बहुतेक वेळा एखाद्या नेमक्या मुद्द्यावर अडलेला असतो. ‘तज्ज्ञांवर विश्वास ठेवा’ म्हटलं की तो तिथेच आणखी घट्ट बसतो. म्हणून किस्से नकोत. शंका कोणती येते, हिशेब कुठे चुकलेला असतो आणि तो कसा सोडवून दाखवता, तेवढं लिहा.

लसीकरण

नेहमीची शंका: ‘आजारी पडलेल्यांत लस घेतलेलेच जास्त, मग लस कसली?’ ही माहिती बरेचदा खरी असते, त्यामुळे ती नाकारू नका. कागद घ्या आणि १००० माणसं मांडा. ९५० जणांनी लस घेतली, ५० जणांनी नाही. साथ आली. न घेतलेल्यांपैकी निम्मे आजारी पडले, म्हणजे २५. घेतलेल्यांपैकी ४ टक्के, म्हणजे ३८. एकूण ६३ रुग्णांत लस घेतलेले ३८! तरीही एकेका माणसाचा धोका ५० टक्क्यांवरून ४ वर आला आहे. आकडे समोरच्यालाच लिहू द्या. सुरुवातीपासून टक्क्यांत बोललं की समजावणं फसतं, कारण एकूण माणसं किती होती हेच नजरेआड होतं. आणि हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, हे आधीच सांगा. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांवरची) लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) हा दुसरा विषय. या दोन्हींचा संबंध सुचवणाऱ्या १९९८ च्या लेखात १२ मुलं होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. पण एवढ्यावर थांबलात तर ‘दबाव आणला असेल’ हे उत्तर ठरलेलं. पुढचं सांगायलाच हवं: डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये आला. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचा धोका वाढलेला आढळला नाही. ज्यांच्या भावंडांना स्वमग्नता आहे अशा मुलांचाही त्यात वेगळा विचार केला होता. पालकांची खरी धास्ती तिथेच असते, म्हणून हा भाग गाळू नका.

औषधांची सुरक्षितता

अविश्वास नेहमी ऐकणाऱ्याच्या अज्ञानातून येत नाही, सांगणाऱ्यांनीही तो पेरलेला असतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९५ मध्ये इशारा दिला गेला: नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती? साधारण ७००० स्त्रियांमागे १ होता, तो २ झाला. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात वाढल्याचा अंदाज आहे. उलट, गर्भारपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्तच असतो.

‘इतके पट’ वाचलं की लगेच विचारा: कितीवरून किती? फायदा आणि तोटा दोन्ही एकाच संख्येमागे मांडा, दोन्ही दर १०,००० मागे. फायदा पटीत आणि तोटा प्रत्यक्ष आकड्यात छापला असेल, तर तो कागद बाजूला ठेवा.

संशोधनपद्धती

‘तुमचे अभ्यास खोटे निघतात’ या आरोपात तथ्य आहे आणि ते मान्य करावं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ लेखांपैकी ९७ टक्क्यांत निकाल संख्याशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय (म्हणजे नुसत्या योगायोगाने सहसा येणार नाहीत असे) होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच तसे आले. कारणं ठाऊक आहेत: लहान नमुने, सकारात्मक निकालच छापण्याची सवय आणि हवं ते मिळेपर्यंत आकडे चाळणं. ५ टक्क्यांची कसोटी (परिणाम नसतानाही चाचणी ५ टक्के वेळा ‘आहे’ म्हणते) लावून २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर काहीही परिणाम नसताना किमान एक ‘शोध’ हाती लागण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. ०.९५ चा विसावा घात काढा आणि तो १ मधून वजा करा. गणकयंत्रावर समोर करून दाखवा.

यावर उपाय म्हणजे काय मोजणार हे प्रयोगाआधीच नोंदवून ठेवणं. म्हणून बातमी आली की आधी हे बघा: प्रयोग माणसांवर की उंदरांवर, तुलनेचा गट होता का, गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले का, आणि नोंदणी केव्हाची. पैसा कुणाचा हेही बघा, पण शेवटी. नुसत्या त्यावरून निष्कर्ष चूक ठरत नाही.

हवामान

‘७० टक्के पाऊस म्हणालात, पडलाच नाही.’ एका दिवसावरून हा अंदाज तपासताच येत नाही. ७० टक्के लिहिलेले सगळे दिवस एकत्र काढा. त्यांतल्या दहापैकी साधारण सातांना पाऊस हवा. नऊंना पडला तरी अंदाज बिघडलेलाच.

‘दहा दिवसांचं धड सांगता येत नाही, मग पन्नास वर्षांचं कसं?’ रोजचा अंदाज आजच्या स्थितीवर टेकलेला असतो आणि तिच्यातली बारीक चूक वाढत जाते. हवामानबदलाचा हिशेब उष्णतेच्या आवक-जावकीचा आहे: उष्णता अडवणारा कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळाआधी २८० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २८०) आसपास होता, आता ४२० च्या वर आहे. ‘सूर्यच तापतोय’ म्हणणाऱ्यांना स्थितांबराचं, म्हणजे ढगपाऊस होतो त्या थराच्या वरच्या हवेच्या थराचं, तापमान सांगा. सूर्यामुळे तापलं असतं तर वरचा तो थरही तापला असता. तो थंड होतोय.

संवाद

खोडून काढलं की माणूस उलट हट्टाला पेटतो, ही भीती २०१० च्या एका अभ्यासानंतर फार पसरली. नंतर ५२ विषयांवर तपासलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा चूक दुरुस्त करायला कचरू नका. क्रम मात्र पाळा: आधी खरी गोष्ट, मग अफवा एकदाच, मग तिच्यातली युक्ती, शेवटी पुन्हा खरी गोष्ट. आणि सगळ्याच्या आधी विचारा, ‘काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल?’ ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर त्या माणसाशी वाद थांबवा, शेजारी बसून ऐकणाऱ्याशी बोला.