न दाखवलेले फोटो : कोकण-गोव्यातल्या भटकंतीचे अनुभव

गणपतीच्या सुट्टीत हार्ड डिस्क साफ करायला बसलो. 'कोकण' नावाच्या फोल्डरात सूर्यास्ताचे ४१२ फोटो निघाले. गुहागर कुठलं, आंजर्लं कुठलं, माझं मलाच सांगता येईना. बायको म्हणाली, "सूर्य एकच आहे, एकच ठेव." तिचं बरोबर होतं, पण तसं तिला सांगितलं नाही.

पुसता पुसता एका फोटोवर हात अडला. हर्णे बंदर, संध्याकाळचा लिलाव. होडीतली मासळी आणायला बैलगाडी पाण्यात घातलेली, चाकं अर्धी बुडालेली, बैलांच्या पोटाला लाट लागतेय, मागे सुवर्णदुर्गाचा तट. आणि क्षितिज डावीकडे एवढं कललेलं, की समुद्र आता दापोलीत सांडतोय की काय असं वाटावं. कललं, कारण नेमकं तेव्हाच मागून कोपर बसलं. पाटीवाली म्हणाली, "घेतोस काय, का नुसतेच फोटो?" सुरमई घेतली. महाग पडली. फोटो मात्र मी अजून सरळ केलेला नाही.

म्हणून हा धागा. आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी, ज्यांच्याकडे किट लेन्स नाहीतर मोबाइल असतो आणि बरोबर कंटाळलेलं कुटुंब असतं. कला, फुलं, दर्या, काहीही चालेल. अट एकच: फोटो टाकायचा नाही, सांगायचा.

रत्नागिरीहून

सडा म्हणजे ओसाड कातळ, असं बाहेरून येणाऱ्यांना वाटतं. मे महिन्यात आलात तर तो तसाच आहे. पण जुलैत या. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर माती साचते, तेवढ्यात कोकण दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ती इथल्याच कातळाची, दुसरीकडे शोधू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात पांढरे गेंद आणि निळी-जांभळी सीतेची आसवं. नाव एवढं करुण, आणि वनस्पती मांसाहारी! मातीखाली बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्मजीव ओढून घेते.

मॅक्रो लेन्स परवडत नाही. नातवाचं भिंग मोबाइलला रबरबँडने बांधलं आणि सड्यावर पालथी पडले. फूल नखाएवढं, आणि वारा एक क्षण थांबेल तर शपथ. पन्नासात दोन धड येतात. नवरा छत्री घेऊन उभा होता, माझ्यावर नव्हे, मोबाइलवर. तेवढ्यात गुरं घेऊन एक आजोबा आले. "काय पडलंन काय गो?" म्हटलं, फुलाचा फोटो काढतेय. ते हसले नाहीत. काठीने दाखवून म्हणाले, त्या डबक्यापलीकडे जा, तिथे जास्त आहेत. खरोखरच निळा गालिचा होता.

आता तो फोटो. आसवांचा एक तुरा, पाकळीवर थेंब, मागे सगळं निळसर धूसर. बघणारे म्हणतात, "वा, मागे समुद्र काय सुरेख आलाय!" तो नवऱ्याचा रेनकोट आहे.

डोंबिवलीकर

तै, रेनकोटाला सलाम. माझाही सडाच, पण राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा. तिथला कातळशिल्पातला हत्ती पाहायला गेलो होतो. सुमारे १८ मीटर लांब आहे म्हणे, आणि त्याच्या आकृतीत पुन्हा मासे, पक्षी, प्राणी कोरलेले. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून डोक्यात होतं. पोचलो भर दुपारी एक वाजता. साठ फोटो काढले. स्क्रीनवर काय, तर काळपट जमीन आणि त्यावर माझे मित्र. हत्ती नाहीच!

वाट दाखवायला आलेले मामा म्हणाले, "उन्हं कलली की दिसेल." देवघळीच्या किनाऱ्यावरून चक्कर मारून साडेपाचला परत आलो. तिरपं ऊन खोबणीत अडकलं होतं, प्रत्येक रेघेला काळी किनार आलेली, आणि हत्ती जमिनीतून वर उठल्यासारखा दिसला. मामांनी नुसती मान हलवली.

तरी पूर्ण हत्ती फ्रेममध्ये मावत नाही. त्याला उंची हवी. आमच्यातला एकजण चांगल्या कोनासाठी रेघेच्या आत पाय ठेवायला गेला आणि मामांचा आवाज असा चढला, की तो आजही फरशीची रेघ बघून पाय टाकतो. माझ्या फोटोत हत्तीचा मागचा पाय, शेपूट आणि मध्येच माझीच लांबलचक सावली आहे.

सावंतवाडीकर

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. राजवाड्यात कारागीर बसून ही गोल पानं रंगवतात. दशावताराचा संच १२० पानांचा: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकी बारा पानं. कला जवळजवळ संपली होती. आमच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून ती शिकून घेतली, म्हणून टिकली. हे सगळं मला पाठ, कारण पाव्हणे आले की मीच सांगतो.

पण फोटो? पानावर लाखेची चकाकी. समोरून काढला की परशुरामाच्या तोंडावर ट्यूबलाइट. शेवटी एक पान खिडकीपाशी, उजेड बाजूने येईल असं धरलं, तेव्हा रंग आला. मग हात चालू असतानाचा एक घ्यावा म्हणून विचारलं. ताई 'घ्या' म्हणाल्या. राजाची मिशी काढत होत्या, कुंचल्याला जेमतेम चार केस, श्वास रोखलेला. माझ्या मोबाइलने 'खच्याक' केलं. त्यांनी कुंचला उचलला, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तेवढा आवाज बंद करा." दहा वर्षं तो आवाज बंद करता येतो हे मला माहीत नव्हतं.

कोल्हापूरहून

सावंतवाडीपासून कुडाळकडे गेलात तर पिंगुळीला थांबा. गुढीपुरात ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी गोठ्यातच संग्रहालय उभं केलंय. पोथीतली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक संपलं की सांगणारा ते उलटतो आणि कथा पुढे सरकते.

मी झेरॉक्सचं मशीन असल्यासारखं एकेक चित्र टिपलं. झकास आले फोटो, एकही हललेला नाही. घरी लेकीला दाखवायला बसलो. तिसऱ्या चित्राला तिने विचारलं, "मग पुढे काय झालं?" मला सांगता येईना. समोर बसून मी एक वाक्य ऐकलं नव्हतं. दिवाळीत तिला घेऊन परत गेलो. या खेपेला फोटो एकही नाही, पण तिने घरी आल्यावर आजीला अख्खी कथा सांगितली, थोडी वाढवूनच.

मालवण

रापणीचो फोटो काढूक गेलंलंय. (बाकीचं शुद्ध लिहितो.) चुलत्यांची रापण लागलेली, जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसं ओढतायत. मी पुण्याहून नवा कॅमेरा घेऊन आलेला, गुडघाभर पाण्यात कोन शोधतोय. काकांनी बघितलं. "फोटो मगे काढ, आदी दोरी ओढूक लाग."

कॅमेरा चुलतभावाच्या पोराकडे दिला, वय दहा. ओढत गेलो ओढत गेलो, हाताची सालटी निघाली. जाळं आलं तेव्हा बांगडे उसळतायत, वर बगळे आणि घारी, ऊन अगदी हवं तसं. आणि माझे हात दोरीला. पोराने ३०० फोटो काढले. त्यात माझा एकच, पाठमोरा, मान फ्रेमच्या बाहेर. वाटो मात्र पुरा मिळाला: सात बांगडे.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर खाऱ्या हवेने दोन वर्षांत लेन्सला बुरशी धरली. आता तांदळाच्या डब्यात ठेवतो. आई तांदूळ काढताना शिव्या घालते.

श्रीवर्धनचे काका

तुम्ही सगळे उन्हाचं बघता, पाण्याचं कोणी बघत नाही. समुद्राचा फोटो भरतीचा वेगळा, ओहोटीचा वेगळा. ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरे. तिथीला पाऊण तासाने गुणा, भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, पहाटे आणि दुपारी. सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाला भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण आमच्या वडिलांनी यावरच जन्म काढला.

आता बघा. पुनवेच्या आसपास भरती साधारण दुपारी बाराला, म्हणजे दिवेलागणीला ओहोटी. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू आरशासारखी, पश्चिमेला सूर्य बुडतोय आणि पाठीमागे माडांतून चंद्र वर येतोय. सगळे पर्यटक सूर्याकडे तोंड करून. तुम्ही उलटे वळा. वाळूवर खेकड्यांनी गोळ्यांची रांगोळी घातलेली असते, त्यावर तांबूस उजेड. मी साध्या मोबाइलवर काढलाय. सुनेने डीपी ठेवला. आमच्याकडे याच्यावर पुरस्कार नाही.

म्हापसा

२४ जूनचा सांव जांव, गोव्यातला ख्रिस्ती सण. डोक्यावर फुलापानांची कोपेल, घुमट या वाद्याचा ताल आणि विहिरीत उड्या. आमच्या शेजारच्या घरी त्या वर्षी नवा जावई, म्हणजे मान त्याचा. मी काठावर वाकून उडीचा क्षण पकडायला बसलेली. क्षण पकडला, मोबाइल सोडला. जावयानेच बुडी मारून वर आणला. शेवटचा फोटो क्लाउडवर चढलेला होता: दोन तळपाय आणि पाण्यावर एकटी तरंगणारी कोपेल.

पुणे

वेळासची कासवं. फ्लॅश नाही, दोरीच्या पुढे जायचं नाही, हे सांगून ठेवतात आणि ते योग्यच आहे. सकाळी टोपली उलटी केली, पिल्लं निघाली. माझ्या पुढे एक उंच गृहस्थ. माझ्याकडे त्यांच्या टोपीचे चांगले फोटो आहेत. पाचेक मिनिटांनी कॅमेरा गळ्यात टाकून खाली बसलो, तर त्यांच्या दोन पायांच्या मधून दिसलं: एक पिल्लू लाटेने परत मागे आलं, उलटं पडलं, सुलटं झालं, पुन्हा निघालं. तसं तीनदा.

शारजा

माझ्याकडे स्वतःचा फोटोच नाही. आमचं गाव वेंगुर्ल्याकडचं, सुरंगीच्या फुलांचं. मार्चच्या आसपास झाडाच्या जून फांद्यांना कळ्यांचे घोस चिकटलेले असतात. पहाटे खाली कापड अंथरून त्या काढतात, ऊन चढायच्या आत. मग आई वळेसार (गजरा) ओवते. पंधरा वर्षं मी त्या दिवसांत घरी नाही. दरवर्षी तिला सांगतो, फोटो पाठव. यंदा अकरा आले. नऊंमध्ये तिचं बोट कोपऱ्यात, नखाला पिवळा पराग. एकात मांजर. एकात नुसता अंधार, बहुतेक पदराखाली दाबलं गेलं. तिला 'बोट बाजूला घे' असं लिहिलं होतं, पाठवलं नाही.

धागाकर्ता

काका, तुमचा हिशेब लावला. येत्या शनिवारी चतुर्दशी, म्हणजे साडेदहाला भरती, साडेचारला ओहोटी. आंजर्ल्याला जातोय. बायको येतेय, पण एक अट घालून: मावळतीकडे कॅमेरा वळवलास तर परतीचं तू एसटीने ये.