मदत हवी आहे: अंड्याशिवाय केलेला केक मध्ये बसतो आणि दर वेळी वेगळाच होतो

पिठीसाखर

नमस्कार. मी पुण्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खोलीवर १९ लिटरचा ओटीजी आहे. केलेल्या कृती फोटोंसकट ब्लॉगवर लिहायची मला मनापासून आवड आहे, पण बिनअंड्याच्या व्हॅनिला केकची कृती अजून कुणापुढे ठेवण्यासारखी होत नाही. दोन मैत्रिणींनी माझ्या मापांनी तो करून पाहिला, तर दोघींचे केक वेगळे झाले आणि माझ्याशीही जुळले नाहीत.

सध्याचं प्रमाण: मैदा १ कप, कन्डेन्स्ड मिल्क अर्धा डबा, साखर अर्धा कप, मिठाचं बटर ६० ग्रॅम वितळवून, दूध पाऊण कप, व्हिनेगर १ मोठा चमचा, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा १ छोटा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा. ६ इंची गोल भांडं, १८० अंश, ४५ मिनिटं. पंधराव्या मिनिटाला दार उघडून बघते.

होतं असं की वीस मिनिटांत छान फुगतो, मग मध्ये खड्डा पडतो. कडा गडद तपकिरी होतात, बुडाला चिकट थर राहतो आणि जिभेवर साबणासारखी चव येते. काय काय बदलू?

कणीदार

काहीही बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा, म्हणजे अंदाजाने मापं फिरवावी लागणार नाहीत.

पहिली, केकचा छेद. पूर्ण गार झाल्यावर तो बरोबर खड्ड्यातून उभा कापा आणि उजेडात धरा. जाळी मोठ्या, वेड्यावाकड्या भोकांची असेल आणि भोकं वरच्या अंगाला जास्त असतील, तर सोडा किंवा पावडर जास्त झाली. जाळी बारीक असून खाली काचेसारखा ओलसर, रबरी पट्टा दिसत असेल, तर आतपर्यंत भाजला गेला नाही किंवा ओल जास्त झाली. दोन्ही दिसलं तर दोन्ही कारणं आहेत.

दुसरी, ओव्हनचं खरं तापमान. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनचा थर्मामीटर नसला तर साखरेने अंदाज घेता येतो. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर कोरडी साखर घ्या, ओव्हन नीट तापू द्या आणि वाटी मधल्या जाळीवर १५ मिनिटं ठेवा. बटण १८० वर असताना साखर दाणेदार राहिली आणि १९० वर वितळली, तर ओव्हन बरोबर आहे. १८० लाच पाणी झालं तर तो जास्त तापतो. मग १७० वर नवी साखर घेऊन पुन्हा करा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण खूप वेळ तापली की साखर कमी तापमानालाही रंग बदलून विरघळू लागते आणि चाचणी फसते.

मुदपाक

चाचण्या कर, पण सोड्याबद्दल आत्ताच सांगते. एक कप मैद्याला एक सपाट छोटा चमचा सोडा म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. लागतो पाव चमचा, एक ग्रॅमच्या थोडा वर.

हिशोब असा. स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के आम्ल असतं. १५ मिलिलिटर व्हिनेगर जेमतेम एक ग्रॅम सोडा संपवतं. तुझ्या केकमध्ये चार ग्रॅम सोडा तसाच उरतो. तो तापला की त्याचा धुण्याचा सोडा होतो, आणि साबणाची चव तिथूनच येते. गडद रंगही बराचसा त्याचाच, कारण सोडा उरला की दुधातली प्रथिनं आणि साखर फार लवकर तपकिरी होतात. खड्ड्याचंही मूळ तेच. इतका वायू एकदम सुटला की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वर येऊन फुटतात, तोवर मैदा घट्ट झालेला नसतो. अंड्याच्या केकमध्ये अंड्यातली प्रथिनं गोठून भिंत धरतात. इथे सगळा भार मैद्यावर आहे, म्हणून बिनअंड्याच्या केकला जास्तीचा सोडा अजिबात सोसत नाही.

आणि वरची अर्धा कप साखर काढून टाक. २०० ग्रॅम कन्डेन्स्ड मिल्कमध्ये ८५-९० ग्रॅम साखर असतेच, दुधाची स्वतःची साखर वेगळी. साखर जितकी जास्त तितका मैद्यातला स्टार्च उशिरा घट्ट होतो, म्हणजे केक फुगल्यावर आणखी बराच वेळ कच्चा राहतो. गोडी कमी वाटली तर गार झाल्यावर वरून साखरेचा पातळ पाक फिरव, पण बॅटरमध्ये घालू नकोस.

पिठीसाखर

ताई, काका, मनापासून धन्यवाद. दोन्ही चाचण्या केल्या. वरच्या भागात मोठी भोकं आहेत आणि बुडाला बोटभर ओला पट्टा. साखर १८० ला वितळली. १७० वर नवी घेतली, तीही बाराव्या मिनिटाला पूर्ण वितळली. १६० वर १५ मिनिटं ठेवली तर दाणेदार राहिली.

म्हणजे आता बटण किती ठेवायचं? आणि सोडा एक ग्रॅमच लागत असेल तर काट्यावर कसा मोजू? काटा एक ग्रॅमच्या खाली दाखवत नाही.

कणीदार

१७० वर वितळली म्हणजे आत १८६ च्या आसपास किंवा वर जातं. निदान पंधरा अंशांचा फरक धरा. कन्डेन्स्ड मिल्कचा केक लवकर रंग धरतो, त्याला खरे १६५ अंश पुरतात. तुमच्या ओव्हनला बटण १५० वर ठेवा. इतके दिवस तुम्ही १८० समजून जवळपास २०० वर भाजत होतात. कडा आधी घट्ट होऊन करपायला लागायच्या आणि मध्यभाग कच्चा राहायचा. त्यात पंधराव्या मिनिटाला दार उघडल्यावर आतली गरम हवा बाहेर पडायची. पहिली पंचवीस मिनिटं दाराला हात लावू नका.

सोडा काट्यावर मोजू नका, मापाच्या चमच्याने घ्या. पाव चमच्याचं माप गच्च न दाबता भरा आणि सुरीच्या पाठीने सपाट करा. बाकी सगळं काट्यावर. 'एक कप मैदा' हे तर मापच नव्हे. चाळून हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम, डब्यात कप खुपसून भरला तर १५० ग्रॅम. शिवाय बाजारात २४० मिलिलिटरचेही कप आहेत आणि २५० चेही. मैत्रिणींचे केक वेगळे का झाले, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. 'अर्धा डबा'ही लिहू नका; डब्यांची वजनं सारखी नसतात, म्हणून ग्रॅम लिहा.

मुदपाक

हे प्रमाण घे. ६ इंची, किमान २ इंच उंच भांड्यासाठी:

मैदा १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर १ सपाट छोटा चमचा (४ ग्रॅम), सोडा पाव सपाट छोटा चमचा, कन्डेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, वितळलेलं बटर ६० ग्रॅम, दूध १०० मिलिलिटर, व्हिनेगर १५ मिलिलिटर, व्हॅनिला १ छोटा चमचा. बटर मिठाचं असेल तर वेगळं मीठ नको.

बेकिंग पावडर आधी तपास. अर्धा कप गरम पाण्यात चमचाभर टाक, जोरात फसफसली तर वापर. उगाच चार बुडबुडे आले तर ती मेलेली आहे. पावसाळ्यात डबा नीट बंद राहिला नाही तर हे फार पटकन होतं. जाता जाता एक गोष्ट सांगते, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली ती यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या बायकोसाठी. तिला अंडंही चालत नसे.

भांड्याला बुडाशी बटर पेपर लाव, कडांना तूप आणि मैदा. ओव्हन दोन्ही रॉड चालू ठेवून १२-१५ मिनिटं तापव. बॅटर तयार करून मग ओव्हन लावायचा नाही. मैदा, पावडर आणि सोडा एकत्र करून दोनदा चाळ. दुसऱ्या भांड्यात कन्डेन्स्ड मिल्क आणि वितळलेलं, पण कोमट झालेलं बटर फेटून एकजीव कर, मग दूध आणि व्हॅनिला. दूध फ्रिजमधलं नको, नाहीतर बटर पुन्हा गोठून कण होतात. आता मैदा दोन हप्त्यांत घाल आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच उलथ्याने खालून वर घे. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत. सारखं घोटलंस तर मैदा चिवट होतो आणि केकमध्ये उभी बोगदेवजा भोकं पडतात. व्हिनेगर अगदी शेवटी घालून चार-पाच वेळा फिरव आणि लगेच भांड्यात ओत. बॅटर उलथ्यावरून जाड पट्टीसारखं पडलं पाहिजे आणि पडल्यावर दोन-तीन सेकंद खूण दिसली पाहिजे. पाण्यासारखं धावलं तर पातळ आहे, गोळ्याने पडलं तर चमचा-दीड चमचा दूध घाल. भांडं अर्धंच भरायला हवं.

जाळी अशी लाव की केकचा मध्य ओव्हनच्या मध्यावर येईल. १९ लिटरच्या ओटीजीत त्यासाठी बहुतेक खालची खाच लागते. ३५ ते ४० मिनिटं. वरून लवकर रंग आला तर पंचविसाव्या मिनिटानंतर फॉइलचा तुकडा अलगद ठेव, मात्र तो रॉडला टेकता कामा नये. झालेला केक कडांपासून किंचित सुटतो आणि मध्यावर बोट दाबलं की वर उसळतो. टूथपिकला ओलं बॅटर नको, एखाददुसरा कण चालेल. दहा मिनिटांनी भांड्यातून काढून जाळीवर गार कर. भांड्यातच ठेवलास तर वाफ बुडाला साचून पुन्हा ओला थर येतो.

मैद्याऐवजी कणीक घेणाऱ्यांसाठी कृतीतच लिही की दोन-तीन मोठे चमचे दूध जास्त लागतं, केक जरा गच्च होतो.

पिठीसाखर

काल या प्रमाणाने केला, बटण १५० वर. ३८ मिनिटं लागली. खड्डा नाही, साबणाची चव नाही, छेदात सारखी बारीक जाळी. मध्ये किंचित टोपी आली आणि तिला एक भेग गेली, ते चालेल का? आणि वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींकडे ओव्हन नाही, त्यांच्यासाठी काय लिहू? फोटोही पिवळट येतात.

कणीदार

बारीक भेग हा दोष नाही. पृष्ठभाग सपाट हवा असेल तर बटण आणखी पाच-सात अंश खाली घ्या आणि पाच मिनिटं वाढवा. बाकी काही हलवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच कशाने फरक पडला ते कळतं.

कृती लिहिताना जिन्नस वापरायच्या क्रमाने लिहा. भांड्याचा व्यास आणि उंची, जाळीची खाच, कुठले रॉड चालू, हे सगळं द्या. वेळेसोबत खूण द्या, 'कडा सुटेपर्यंत, ३५ ते ४० मिनिटं' अशी. कुणी ७ इंची भांडं घेतलं तर क्षेत्रफळ जवळपास १.३६ पट होतं, म्हणून सगळं प्रमाण सव्वापट ते दीडपट करायला सांगा. नाहीतर केक चपटा आणि कोरडा होईल. पुण्याच्या ५६० मीटर उंचीचा विचार करायची गरज नाही. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटरवर कुणी करणार असेल, तर पावडर थोडी कमी करायला सांगा.

मुदपाक

ओव्हन नसलेल्यांना जाड बुडाची कढई सांग. तळाला मिठाचा बोटभर थर, त्यावर तिवई, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायची. मग भांडं तिवईवर ठेवून आच बारीक करायची. ४५ मिनिटं तरी लागतात. वरून रंग येत नाही, फिकटच राहतो, हे आधीच लिही. झाकणाला आतून पाणी सुटलं तर ते केकवर ठिबकतं, म्हणून झाकणाला कापड बांधायचं आणि त्याची टोकं वर गुंडाळायची, आचेपासून लांब. प्रेशर कुकर वापरायचाच असेल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून. आत पाणी नसताना बंद कुकर तापवणं धोक्याचं आहे, हे ठळक अक्षरांत घाल.

सोनटक्का

फोटो पिवळे येतात ते बल्बमुळे. घरातले सगळे दिवे बंद करा आणि खिडकीजवळ टेबल ठेवा, पण थेट ऊन नको. उजेड एका बाजूने येऊ द्या. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा कार्डशीट उभं केलं की सावली मऊ होते. कापलेल्या केकचा फोटो केकच्या उंचीवरून समोरून घ्या, जाळी तशीच दिसते. वरून घेतला तर फक्त तपकिरी गोल दिसतो. फोनवर केकच्या जाळीवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे स्थिर होईल, मग उजेड किंचित कमी करा. केक पूर्ण गार झाल्यावर दातेरी सुरीने, न दाबता, करवतीसारखा कापा. सुरी प्रत्येक कापाआधी पुसून घ्या, नाहीतर चिकटलेले कण छेदावर ओढले जातात.

आणि जुना बसलेला केक अजून असेल तर त्याच्या छेदाचाही फोटो याच उजेडात काढून कृतीत द्या, खाली कारण लिहून. वाचणाऱ्याचा केक बिघडला तर त्याला शेजारी धरून बघता येईल.