लॅबचा सामायिक सर्व्हर गावाकडून वापरायचाय, लाईट गेली की काम तुटायलंय

बालाघाटी:
नमस्कार सगळ्यांना. मी अंबाजोगाईजवळच्या गावात राहते, एमएस्सीचं शेवटचं वर्ष आहे. आमच्या काही कॉलेजांतल्या पोरापोरींनी आणि सरांनी मिळून वर्गणी काढून संभाजीनगरात एक सर्व्हर बसवलाय, एक ग्राफिक्स कार्ड आहे त्यात, आणि ज्याला लागेल त्यानं लांबून लॉगिन करून वापरायचा असं ठरलंय. माझी दोन कामं आहेत. एक म्हणजे हवामान खात्याचा १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा (नकाशावर चौकटी आखून ठिपक्याठिपक्याचा पाऊस) घेऊन मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत जून ते सप्टेंबरमध्ये पावसाचे खंड किती मोठे पडतात ते काढायचं. दुसरं, सोयाबीनच्या पानांचे फोटो बघून पिवळा मोझॅक हा रोग ओळखणारं मॉडेल शिकवायचं.
अडचण अशी की संध्याकाळी लाईट जायली की राऊटर बंद, मग मोबाईलचं हॉटस्पॉट लावते तोपर्यंत टर्मिनल गोठलेलं असतं आणि चालू असलेलं सगळं मेलेलं. परत पहिल्यापासून लावावं लागतं. त्यात परवा ग्रुपवर मेसेज आला की मशीन पार जाम झालंय, कोणाचं काय चालू आहे सांगा. माझं होतं की नाही तेच मला कळेना, कुठं बघायचं ते माहीत नाही. अजून एक, ग्रुपवर सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड फिरायलाय, ते बरोबर आहे का? मला काम पण व्हायला पाहिजे आणि माझ्यामुळं दुसऱ्या कोणाचं अडायला पण नको. नीट कसं वापरावं हे कोणीतरी सांगा.

तेरणाकाठ:
ताई, आधी तुटण्याचं बघू. एसएसएचनं (लांबच्या मशिनवर सुरक्षित आत जायची सोय) लॉगिन करून तिथंच कोड चालू केला तर तो त्या लॉगिनला बांधलेला असतो, कनेक्शन गेलं की सर्व्हर त्याला पण बंद करतो. म्हणून लॉगिन झाल्या झाल्या टीमक्स चालू करायचं, ते आपलं काम लॉगिनपासून वेगळं करून सर्व्हरवर चालू ठेवतं. ‘टीमक्स न्यू -एस पाऊस’ असं टाकलं की पाऊस नावाचं सेशन सर्व्हरवर उघडतं, त्यात कोड लाव. बाहेर पडायचं असलं की कंट्रोल धरून बी दाब, दोन्ही सोड आणि मग डी दाब. परत आल्यावर ‘टीमक्स अटॅच -टी पाऊस’. मधी लाईट जाऊ दे, राऊटर जाऊ दे, लॅपटॉपची बॅटरी संपू दे, सर्व्हरवर काम चालूच राहतं. काही मशिनवर लॉगआऊट झालं की त्या माणसाचं सगळंच मारून टाकायची सेटिंग असते, तेवढं तुमच्या ॲडमिनला एकदा विचारून घे.
आणि हॉटस्पॉटवर गेल्यावर आयपी, म्हणजे नेटवरचा आपला पत्ता, बदलतो, त्यामुळं जुनं एसएसएच काही परत जिवंत होत नाही. त्यासाठी मॉश नावाचं एक आहे, ते आयपी बदलला तरी टिकतं, पण ते यूडीपी नावाच्या पद्धतीवर चालतं, ६०००० ते ६१००० मधले पोर्ट (सर्व्हरची नंबर दिलेली दारं) लागतात आणि ते सर्व्हरकडं उघडे पाहिजेत. नसतील तर हट्ट करू नको, टीमक्स पुरतं.
पण टीमक्स सर्व्हरच बंद पडला तर वाचवत नाही हे ध्यानात ठेव, आणि संभाजीनगरात लाईट जात नाही असं थोडीच आहे, इन्व्हर्टरचं बॅकअप किती वेळ पुरणार. म्हणून कोडच असा लिही की एक वर्ष झालं की त्याचं उत्तर फाइलमध्ये टाकायचं, आणि चालू होताना आधी बघायचं की कोणत्या वर्षांच्या फाइली आहेत, त्या सोडून पुढं जायचं. मॉडेलचं पण तसंच, प्रत्येक फेरीनंतर वजनं, म्हणजे मॉडेल शिकलेले आकडे, सेव्ह करायची. हे एकदा केलं की लाईटची भीतीच जाते बघ.

मन्याडवाला:
तेरणाकाठ म्हणतात ते सगळं करच, पण मी थोडं वेगळं सांगतो, पावसाच्या कामाला तुला सर्व्हर लागतोच का ते आधी बघ. हवामान खात्याचा पाव अंशाचा ग्रिड म्हणजे १३५ गुणिले १२९ ठिपके, एका ठिपक्याला चार बाइट धरले तर वर्षाची फाइल साधारण २५ एमबीची, म्हणजे सव्वाशे वर्षांचं मिळून तीन जीबीच्या थोडं वर. त्यातला मराठवाडा म्हणजे अक्षांश साडेसतरा ते पावणेएकवीस, रेखांश साडेचौऱ्याहत्तर ते साडेअठ्ठ्याहत्तर असा चौकोन कापला तर दोन-अडीचशे ठिपकेच उरतात, सगळ्या वर्षांचे मिळून चाळीस-पंचेचाळीस एमबी. कापायचं काम सर्व्हरवर एकदा कर, ती छोटी फाइल आरसिंक या फाइल उतरवायच्या कमांडनं घरी आण (पी हा पर्याय कॅपिटलमध्ये दे, म्हणजे मधी तुटलं तर अर्धी आलेली फाइल टाकून देत नाही) आणि पुढचं सगळं लॅपटॉपवर कर. खंड मोजायला लॅपटॉप भरपूर झाला. लाईट गेली तरी बॅटरीवर चालतंय.
सामायिक मशीन म्हणजे भावाभावांच्या सामायिक विहिरीसारखं आहे, ज्याचं रान आज वाळायलंय त्याची पाळी आधी. ज्याला ग्राफिक्स कार्डशिवाय होतच नाही त्याच्यासाठी ते मोकळं राहिलं पाहिजे. तुझ्या सोयाबीनच्या मॉडेलला ते खरंच लागतं, तिथं हक्कानं वापर.
आता जाम कशानं होतं ते. लॉगिन केल्यावर सगळ्यात आधी एचटॉप उघडून बघायचं, कोण काय चालवतंय, किती कोर, किती रॅम. एनव्हीडिया-एसएमआय टाकलं की कार्डवर कोणतं काम बसलंय ते दिसतं. हे बघायला अर्धं मिनिट लागतं आणि निम्मी भांडणं इथंच मिटतात. पायथनमध्ये पोरं एन-जॉब्सला उणे एक देतात, त्याचा अर्थ असतील तेवढे सगळे कोर घे. वर नमपाय या गणिताच्या लायब्ररीच्या आत ओपनब्लास असतं ते पण आपल्या मनानं सगळे कोर घेतं, म्हणजे सोळा कोरच्या मशिनवर सोळा कामं आणि प्रत्येकाचे सोळा धागे असं कधीकधी होऊन बसतं, कोणाचंच काम पुढं सरकत नाही आणि लावणाऱ्याला वाटतं आपलं जोरात चालू आहे. ओएमपी-नम-थ्रेड्स या सेटिंगला दोन किंवा चार अशी मर्यादा घालायची. घाई नसलेलं काम नाइस १९ (सगळ्यात कमी प्राधान्य) देऊन लावायचं, म्हणजे दुसरा कोणी आला की तुझं आपोआप मागं सरतं. पण नाइसनं रॅम वाचत नाही. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतःच एखादं काम निवडून मारतो, आणि ते तुझंच असेल असं नाही, दुसऱ्याचं तीन दिवस चाललेलं पण असू शकतं. म्हणून रॅमचा अंदाज आधी थोड्याशा डेटावर घेऊन बघ.
आणि ज्युपिटर, ते ब्राउझरमध्ये कोड चालवायचं! टॅब बंद केला म्हणजे काम बंद झालं असं नसतं, त्याचा कर्नल, म्हणजे कोड चालवणारा भाग, मागं चालूच राहतो आणि कार्डची मेमरी धरून बसतो. टेन्सरफ्लो (मॉडेल शिकवायची लायब्ररी) तर सुरू होतानाच कार्डची जवळपास सगळी मेमरी घेऊन टाकतं, लागेल तशी वाढवायची सेटिंग वेगळी द्यावी लागते. रात्री उठताना कर्नल शटडाऊन करून उठायचं. तुमच्याकडं पंधरा-वीस जणांच्या वर माणसं असतील तर स्लर्म बसवा म्हणावं, ते कामं रांगेत लावतं आणि कोणाला कोणाची तोंडं बघावी लागत नाहीत. तोपर्यंत एक सामायिक शीट करा, कोणाला कार्ड कधीपासून कधीपर्यंत पाहिजे ते लिहायचं, आणि लवकर झालं तर खोडायचं पण.

पूर्णाकाठची:
पासवर्डचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, मला सगळ्यात जास्त काळजी तीच वाटते. ग्रुपवर एकच पासवर्ड फिरतोय हे आजच्या आज बंद करायला लावा. ज्या दिवशी काही बिघडेल त्या दिवशी कोणी केलं ते कळायचा मार्गच नाही, सगळेच एका नावानं लॉगिन झालेले. तुझा प्रश्न होता ना की जाम माझ्यामुळं झालं का, ते एचटॉपमध्ये पण कळणार नाही, सगळ्यांचं नाव एकच दिसेल.
मे २०२० मध्ये युरोपातले बरेच महासंगणक बंद ठेवावे लागले होते, एडिनबरोचा आर्चर त्यातलाच. चोरलेल्या एसएसएच लॉगिननं लोक आत शिरले होते, आणि काही ठिकाणी त्या मशिनवर आभासी चलन काढायचं काम लावलेलं सापडलं. एवढ्या मोठ्या संस्थांचं तसं झालं, तर आपल्या वर्गणीच्या मशिनला कोण विचारतंय असं समजू नये. पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं दार, इंटरनेटवर उघडा असला की पासवर्ड आजमावून बघणारे प्रोग्राम दिवसरात्र दार वाजवत असतात, लॉग उघडून बघा म्हणजे कळेल.
तर प्रत्येकाचं वेगळं अकाउंट आणि पासवर्डऐवजी ‘की’, म्हणजे फाइलच्या रूपातली किल्ली. ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ टाकलं की दोन फाइली तयार होतात, ज्याच्या शेवटी पब आहे ती ॲडमिनला द्यायची, दुसरी कोणालाच नाही, मेलवर नाही, व्हॉट्सॲपवर नाही, सरांना पण नाही. आणि तयार करताना पासफ्रेज (की उघडायचा गुप्त शब्द) विचारतं तिथं रिकामं सोडून एंटर मारू नको. सगळ्यांच्या की झाल्या की ॲडमिननं पासवर्डनं लॉगिन बंदच करून टाकावं. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारा कोड, दाखवून हो म्हणू का विचारतं, तो ॲडमिनकडून फोनवर ताडून घ्यायचा आणि मगच हो म्हणायचं. ज्युपिटर पण बाहेर उघडं ठेवू नका, एसएसएचमधूनच ८८८८ पोर्ट आपल्या लॅपटॉपवर ओढून घेता येतो.
अजून एक, आणि हे मनापासून सांगते. सोयाबीनचे फोटो शेतकऱ्यांकडून घेतले असतील तर मोबाईलच्या फोटोत बऱ्याचदा शेताचं ठिकाण लपलेलं असतं. फोटो आधी घरीच सरळ फिरवून, ५१२ पिक्सेलपर्यंत छोटे करून, ती माहिती काढून मगच चढव. बहुतेक मॉडेलला २२४ पिक्सेलच लागतात, तीन-चार एमबीचा फोटो काही केबीवर येतो, तुझा नेट पण वाचतो. नावं, फोन नंबर, सातबारा असलं काही सर्व्हरवर ठेवूच नको, फोटोला फक्त क्रमांक दे आणि यादी तुझ्याकडं ठेव. उबंटू या लिनक्सच्या २१.०४ च्या आधीच्या आवृत्त्यांत होम फोल्डर बाकीच्यांना पण वाचता यायचं आणि जुन्यावरून अपग्रेड केलेल्या मशिनवर ते तसंच राहतं. शेतकऱ्यानं आपल्याला भरवशावर दिलेलं असतं ते. आणि अडलं म्हणून ७७७ (कोणीही वाचा, कोणीही बदला) परवानगी देऊन टाकायची सवय लावू नको, ग्रुपचं फोल्डर वेगळं करून मिळतं, माग.

बालाघाटी:
खूप खूप आभार सगळ्यांचे, मन्याडवाले दादा तुमचं गणित करून बघितलं, कापलेली फाइल ४२ एमबीची आली, पावसाचं काम आता लॅपटॉपवरच करायले. सरांना पासवर्डचं सांगितलं, ते म्हणाले या आठवड्यात सगळ्यांच्या की घेऊ. दोन शंका राहिल्या. लॅपटॉप माझा आणि भावाचा मिळून आहे, त्यावर की ठेवली तर चालते का? आणि माझ्या मैत्रिणीला थोड्या दिवसांसाठीच कार्ड लागणार आहे, तिला माझ्याच अकाउंटवरून करू देऊ का, नवीन अकाउंट काढायला सर म्हणतात वेळ लागेल.

पूर्णाकाठची:
लॅपटॉपवर भावाचं वेगळं युजर करून दे, की तुझ्या युजरमध्ये राहील, वर पासफ्रेज आहेच. लॅपटॉप हरवला किंवा विकला तर त्याच दिवशी ॲडमिनला सांगायचं, ते ऑथराइज्ड-कीज या फाइलमधली तुझी एक ओळ काढतात, बाकी कोणाचं काही बदलावं लागत नाही.
मैत्रिणीला तुझं अकाउंट देऊ नको, कितीही जवळची असली तरी. तिच्या हातून चुकून काही पुसलं गेलं तर ते तुझ्या नावावर आणि तुझ्याच फोल्डरमधलं.

तेरणाकाठ:
अकाउंट काढायला वेळ लागतो हे काही पटत नाही, एक कमांड आणि तिची पब फाइल, दहा मिनिटांचं काम आहे. सरांना म्हणावं अकाउंटला शेवटची तारीख पण घालता येते, ती तारीख आली की लॉगिन आपोआप बंद होतं. पाहुण्यांसाठी आम्ही तसंच करतो. फक्त त्या आधी तिनं आपला डेटा उतरवून घ्यावा आणि डिस्कवरचं साफ करावं, ‘डीयू -एसएच’ टाकून बघितलं की किती जागा धरलीय ते दिसतं. आणि तुम्ही दोघी पण सर्व्हर म्हणजे बॅकअप असं धरू नका, सरांना विचारा बॅकअप घेतात का, नसतील तर मॉडेलची वजनं आणि कोड दर आठवड्याला घरी आणत जा.